हवेचे आकडे शेजाऱ्यांपर्यंत: डहाणू-तलासरीचा अनुभव आणि आपला हक्क

डहाणूच्या खाडीकाठी उभी असलेली औष्णिक विद्युत केंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. पावसाळा संपून हवा निवळली की ती समुद्रातील होडीवरूनही दिसते आणि पूर्वेकडच्या पाड्यांवरूनही. हे केंद्र १९९५ साली सुरू झाले. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच, अशी त्याची एकूण क्षमता ५०० मेगावॅट. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी ते उभारण्यात आले. आरंभी ते 'बीएसईएस' ह्या कंपनीचे होते, पुढे रिलायन्स समूहाकडे गेले आणि २०१८ साली अदानी समूहाकडे आले.

अशा केंद्राच्या चिमणीतून काय बाहेर पडते ह्याचे मोजमाप यंत्रे अहोरात्र करीत असतात. ते आकडे कंपनीच्या नियंत्रण कक्षात दिसतात, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात आणि दिल्लीच्या केंद्रीय मंडळाकडेही जातात. म्हणजे मोजमाप होत नाही, अशी स्थिती नाही. प्रश्न निराळा आहे. ज्याच्या अंगणावरून, चिकूच्या वाडीवरून, शाळेच्या पटांगणावरून तो वायू जातो त्याला हे आकडे कळतात काय? कळले तर ते त्याच्या भाषेत, वेळेवर आणि उलट प्रश्न विचारता येईल अशा रूपात कळतात काय?

ह्या लेखात आम्ही कोणत्याही कारखान्यावर आरोप करू इच्छीत नाही. डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांतील आमच्या वाचकांना ह्या आकड्यांचा अर्थ समजावा, ते मागण्याचा त्यांना कोणता हक्क आहे हे कळावे, एवढाच आमचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम डहाणूचाच इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल, कारण शेजाऱ्यांनी माहिती मागत राहिल्याने काय घडू शकते ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

डहाणूने काय मिळविले

कोळशात थोडेफार गंधक असते. कोळसा जळला की त्यापासून सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो. तो श्वसनमार्गाला झोंबतो, दमेकऱ्यांचा त्रास वाढवितो आणि झाडांच्या पानांनाही अपाय करतो. हा वायू धुरातून काढून टाकणाऱ्या संयंत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एफजीडी' म्हणतात. १९८९ साली केंद्र सरकारने डहाणूच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी दिली, तेव्हाच हे संयंत्र बसविण्याची अट घालण्यात आली होती.

तालुक्यातील बागायतदार व पर्यावरणप्रेमी नागरिकांनी ह्या मंजुरीला न्यायालयात आव्हान दिले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प रोखण्यास नकार दिला. तथापि त्याच निकालात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. एफजीडीची किंवा मंजुरीतील अन्य कोणतीही अट शिथिल करावयाची असेल, तर अर्जदारांना सूचना देऊन व त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय सरकारने तसे करू नये, असे न्यायालयाने बजावले. खटला हरूनही शेजाऱ्यांना 'आम्हांला कळविल्याशिवाय नाही' असे म्हणण्याचा हक्क मिळाला. आमच्या मते पुढच्या सर्व घडामोडींचे मूळ ह्या एका वाक्यात आहे.

त्याच वर्षी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांसाठी तालुक्यात अधिकाधिक ५०० एकर जमीन आणि तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा, असे तिचे स्वरूप होते. ह्या अधिसूचनेत पुढे दुरुस्त्या झाल्या. तिची अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून बिट्टू सहगल ह्यांनी १९९४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये 'डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण' अस्तित्वात आले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष. ३ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे नाव आणि हे प्राधिकरण ह्यांची सांगड डहाणूकरांच्या मनात कायम राहिली.

ह्या प्राधिकरणाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्यापुढे कंपनी आणि स्थानिक नागरिक समोरासमोर येत. कंपनीने अहवाल द्यावा, नागरिकांनी त्यावर हरकत घ्यावी, तज्ज्ञांनी मत द्यावे आणि प्राधिकरणाने आदेश काढावा, अशी रीत पडली. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने सहा महिन्यांत एफजीडी बसविण्याचा आदेश दिला. सहा महिन्यांची सहा वर्षे झाली. न्यायालयाच्या फेऱ्या झाल्या, कोणते तंत्रज्ञान वापरावे ह्यावर चर्चा झाली, मुदती उलटल्या. अखेर २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली आणि २००७ साली समुद्राच्या पाण्यावर चालणारे एफजीडी संयंत्र डहाणूत सुरू झाले. त्या काळी देशातील अगदी मोजक्या औष्णिक केंद्रांत असे संयंत्र होते.

१९८९ ते २००७ म्हणजे अठरा वर्षे! मंजुरीचे पत्र निघाले त्या साली जन्मलेले मूल तोवर मतदार झाले होते. हा विलंब भूषणावह नाही. तरीही हे संयंत्र बसले ते शेजाऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून, हे विसरता येत नाही.

ही जुनी कथा आज पुन्हा सांगण्याचे एक कारण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशातील सर्व औष्णिक केंद्रांसाठी चिमणीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच ठरविली. तिच्या मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२५ मधील अधिसूचनेने तर देशातील बहुसंख्य केंद्रांना ह्या मर्यादेतून सूट मिळाली. डहाणूचे संयंत्र २०१५ च्या मर्यादेमुळे आलेले नाही. ते जुन्या अटीमुळे व प्राधिकरणाच्या आदेशामुळे आलेले आहे. परंतु संयंत्र बसविणे आणि ते रोज चालविणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. असे संयंत्र चालविण्यास वीज लागते, देखभाल लागते, पैसा लागतो. ते चालू आहे की बंद हे बाहेरून चिमणीकडे पाहून सांगता येत नाही, कारण सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. चिमणीच्या आकड्यांवरूनच ते कळते. म्हणून ते आकडे शेजाऱ्यांच्या हाती असणे आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

चिकूचा वाद

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या चिकूचे उत्पादन घटले, फळ लहान झाले, फुले गळतात, अशी बागायतदारांची जुनी तक्रार आहे आणि अनेकांचे बोट चिमणीकडे जाते. दुसऱ्या बाजूने सांगितले जाते की, बी पोखरणारी अळी, पावसाळ्यातील बुरशीमुळे होणारी फळगळ, लांबलेला पाऊस, जुनी झालेली झाडे ही कारणे आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्यांश असू शकतो. मात्र वाडीच्या जागी, फुलोऱ्याच्या दिवसांत, तासातासाने हवेत काय होते ह्याची सलग नोंद सर्वांसमोर नसेल, तर हा वाद सुटावयाचा कसा? बागायतदार आपल्या अनुभवावर ठाम राहतो, कंपनी आपल्या अहवालावर ठाम राहते आणि वर्षे जातात. खुली नोंद असती तर कदाचित कंपनी दोषमुक्तही झाली असती. 'आकडे दिले तर लोक उगाच घाबरतील' असे अधिकारी वर्गाकडून कधी कधी ऐकू येते. आम्हांस हे पटत नाही. लोक आजही घाबरलेलेच आहेत, आणि त्यांच्या भीतीला मोजमापाचा आधार नाही एवढेच.

आकडा कसा वाचावा

ह्या विषयात सामान्य माणसाचा पहिला गोंधळ होतो तो दोन प्रकारच्या आकड्यांमुळे. एक आकडा चिमणीच्या तोंडाशी मोजलेला असतो. तो मिलिग्रॅममध्ये सांगतात. दुसरा आपण श्वास घेतो त्या हवेचा. तो मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. चिमणीचा आकडा मर्यादेत असला तरी एखाद्या गावातील हवा वाईट असू शकते, कारण तेथे अनेक ठिकाणचा धूर एकत्र येतो. उलट, हवेचा आकडा चांगला असला म्हणून चिमणी निर्दोष ठरत नाही. त्या दिवशी वारा दुसरीकडे वाहत असेल. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, सोबत वाऱ्याची दिशा दिली, तरच चित्र उमटते.

हवेसाठीची राष्ट्रीय मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी जाहीर झाली. त्यानुसार पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीने दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० आहे. थोड्या मोठ्या, पीएम १० कणांसाठी हेच आकडे अनुक्रमे ६० आणि १०० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली पीएम २.५ ची वार्षिक पातळी केवळ ५ आहे. म्हणजे 'मर्यादेत आहे' ह्याचा अर्थ 'अपाय होणार नाही' असा घेता येत नाही.

सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत ह्याच मानकांत एक तपशील आहे आणि तो डहाणूकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. औद्योगिक, निवासी, ग्रामीण अशा सर्वसाधारण भागांसाठी वार्षिक मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे. मात्र केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रासाठी ती २० आहे. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी हेच अंतर ४० आणि ३० असे आहे. डहाणू तालुका १९९१ पासून केंद्राच्या अधिसूचनेने नाजूक क्षेत्र ठरलेला आहे. तेव्हा डहाणूचा अहवाल हाती आला की पहिला प्रश्न विचारावा: तुम्ही आमच्या हवेची तुलना ५० शी करता की २० शी? ३५ हा आकडा एका स्तंभात उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्यात अनुत्तीर्ण.

दुसरा प्रश्न सरासरीचा. समजा, एखाद्या गावात दिवसाचे वीस तास सल्फर डायऑक्साइड ४० मायक्रोग्रॅम राहिला आणि उरलेले चार तास तो २२० वर गेला. चोवीस तासांची सरासरी येते ७०. मर्यादा ८० आहे, म्हणून अहवालात तो दिवस 'मानकांनुसार' असा नोंदला जातो. परंतु दम्याच्या मुलाची छाती त्या चार तासांत भरून येते. तिला सरासरी कळत नाही. म्हणून केवळ सरासरी न मागता दिवसातील सर्वाधिक तासाचा आकडा आणि तो तास कोणता, हेही मागावे.

तिसरी गोष्ट मोजण्याच्या दिवसांची. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला किमान १०४ वेळा मोजमाप व्हावे असा नियम आहे. उरलेल्या २६१ दिवसांविषयी असे केंद्र काहीच सांगत नाही. यंत्राने सतत मोजणारी केंद्रे ह्या दृष्टीने अधिक चांगली. तथापि त्यांतही वीज गेली, यंत्र बिघडले, जोडणी तुटली म्हणून रिकाम्या जागा राहतात. किती तास नोंद नाही आणि यंत्राची अचूकता शेवटची केव्हा तपासली, हे दोन तपशील ज्या अहवालात नाहीत तो अहवाल अपुरा समजावा.

शेजारी म्हणजे कोण?

उंच चिमणी धूर नाहीसा करीत नाही, दूर नेते. एवढ्या उंचीवरून निघालेला धूर पायथ्याशी फारसा उतरत नाही. कित्येकदा तो काही किलोमीटर पुढे जाऊन जमिनीला टेकतो. समुद्रकाठी आणखी एक गोष्ट घडते. दिवसा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. समुद्रावरच्या शांत हवेत धुराचा पट्टा वरच्या वर तरंगत आत येतो आणि तापलेल्या जमिनीवरील घुसळणारी हवा त्याला गाठते तेव्हा तो एकदम खाली खेचला जातो. अशा वेळी कंपनीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला काही जाणवत नाही आणि आत पूर्वेकडच्या पाड्यावरच्या माणसाला जाणवू शकते. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, आणि डहाणूच्या ईशान्येस तलासरी आहे.

तलासरीची अडचण तर आणखी गुंतागुंतीची आहे. ह्या तालुक्यात डहाणूसारखे मोठे विद्युत केंद्र नाही, म्हणून प्रदूषणाच्या चर्चेत त्याचे नावही निघत नाही. परंतु उत्तरेस गुजरातमधील उंबरगाव, सरीगाम आणि वापी ह्या औद्योगिक वसाहती आहेत आणि सीमेला लागून केंद्रशासित प्रदेशातील दादरा-नगर हवेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा वापी ८८.०९ गुणांनी देशात दुसरे आले होते. दक्षिणेकडील तारापूर २०१८ च्या क्रमवारीत ९३.६९ गुणांनी पहिले आले. (येथे गुण जितके अधिक, तितकी स्थिती वाईट.) ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आपले दोन्ही तालुके येतात.

हिवाळ्यात वारा उत्तरेकडून वाहू लागला की उधवा किंवा झरीच्या माणसाला येणारा वास कोठून येतो? महाराष्ट्राचे मंडळ, गुजरातचे मंडळ आणि केंद्रशासित प्रदेशाची समिती ह्या तीन यंत्रणा आपापल्या हद्दीपुरत्या पाहतात. सीमेवरच्या वारली कुटुंबाने तक्रार कोणाकडे करावी, हे त्याला कोणी सांगत नाही. माहिती वाटून घेण्याचा विषय कंपनी आणि गाव एवढ्यापुरता मर्यादित नाही. एका राज्याच्या मंडळाने दुसऱ्या राज्याच्या गावाला ती देणे हाही त्याचाच भाग आहे.

येथे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. पाड्यावरच्या झोपडीतील ओल्या लाकडाच्या चुलीचा धूर, आपले कित्येक आदिवासी बांधव हंगामी मजुरीसाठी जातात त्या वीटभट्ट्यांचा धूर, जळणारा कचरा हेही त्याच फुप्फुसात जातात. प्रामाणिक नोंदीत हे सारे दिसेल, आणि दिसावे. सर्व दोष एका चिमणीवर ढकलून मोकळे होण्यासाठी हे आकडे मागावयाचे नाहीत.

अन्यत्र काय झाले

भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा कारखान्यात कोणता वायू साठविला आहे हे भिंतीपलीकडच्या वस्तीला ठाऊक नव्हते. त्या दुर्घटनेपासून धडा घेऊन अमेरिकेने १९८६ साली कायदा केला आणि कारखान्यांनी आपल्या विषारी उत्सर्जनाचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत असे ठरविले. त्या कायद्यात आकडे सांगण्याची सक्ती होती, ते कमी करण्याची नव्हती. तरीही आपले नाव यादीत वरचे असल्याचे पाहून काही मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून घट करण्याची घोषणा केली.

तामिळनाडूतील कडलूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या ग्रामस्थांनी २००४ पासून निराळाच मार्ग धरला. बादलीत बसविलेली विशिष्ट पिशवी आणि लहान पंप, एवढ्या साधनांनी त्यांनी वास येईल त्या क्षणी हवेचा नमुना पकडला व प्रयोगशाळेत पाठविला. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने, कसला वास आला ह्याची वही त्यांनी ठेवली. आमच्या मते त्या बादलीपेक्षा ती वही अधिक अनुकरणीय आहे. तिला खर्च नाही.

महाराष्ट्रातही ५ जून २०१७ रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. चिमणीतील धूलिकणांच्या मोजमापावरून तारे ठरतात. पाच तारे उत्तम, एक तारा वाईट. कल्पना चांगली आहे, परंतु तारे धूलिकणांचे आहेत, गंधकवायूचे नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

कायदा आपल्या बाजूस आहे

केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अधिक प्रदूषणकारी अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसविण्यास सांगितले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात आदेश दिला की, अशा यंत्रांची तत्क्षणीची आकडेवारी राज्य मंडळांनी आपल्या संकेतस्थळावर लोकांसमोर ठेवावी. २००६ च्या पर्यावरणीय मंजुरीच्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावयाचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज असून अर्ज करणाऱ्या कोणासही त्याची प्रत मिळाली पाहिजे. अनेक मंजुरीपत्रांत तर प्रदूषकांचे आकडे कारखान्याच्या मुख्य फाटकाशी, लोकांना दिसतील असे लावण्याची अट असते. वाचकांनी आपल्या गावाजवळच्या कारखान्याच्या फाटकाशी असा फलक आहे काय, तो चालू आहे काय आणि कोणत्या भाषेत आहे, हे एकदा पाहून यावे.

भाषेचा मुद्दा लहान नाही. इंग्रजीत दोनशे पानांचा अहवाल संकेतस्थळावर टाकला की नियम पाळला गेला असे मानले जाते. परंतु माहिती अधिकार कायदा, २००५, ह्याच्या चौथ्या कलमात माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन ह्यांचा विचार करावा, असे म्हटलेले आहे. तलासरीच्या पाड्यावर परिणामकारक साधन कोणते? ग्रामपंचायतीचा फळा, आठवडी बाजार, आश्रमशाळेची भिंत, रविवारी ख्रिस्तमंदिराबाहेर जमणारी माणसे. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला वेगळे स्थान दिलेले आहे. दर तिमाहीस कंपनीच्या किंवा मंडळाच्या अधिकाऱ्याने ग्रामसभेत येऊन मराठीत आकडे वाचून दाखवावेत, असा ठराव करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

वाढवण बंदराच्या निमित्ताने हा विषय आणखी मोठा होणार आहे. पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नाकारलेल्या ह्या बंदराला ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. बंदर असावे की नसावे, ह्यावर किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांची भूमिका सर्वांना ठाऊक आहे. तो ह्या लेखाचा विषय नाही. परंतु भरावासाठी दगड फोडणे, हजारो ट्रकांची ये-जा, जहाजांचा धूर हे आले की हवेचे मोजमापही आले. कामापूर्वीची हवा कशी होती ह्याची नोंद आजच हाती नसेल, तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार?

प्रत्यक्ष काय करता येईल

काही तरुण स्वस्त संवेदक विकत घेऊन घराच्या गच्चीवर लावतात. उत्साह स्तुत्य आहे, पण एक सावधगिरी हवी. ही उपकरणे प्रकाशाच्या साहाय्याने कण मोजतात आणि दमट हवेतील बाष्पकणांनाही धूळ समजतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती अवाच्या सवा आकडा दाखवू शकतात. असा आकडा घेऊन अधिकाऱ्याकडे गेल्यास आपलीच बाजू लंगडी पडते. हे उपकरण प्रथम मंडळाच्या अधिकृत यंत्राशेजारी काही दिवस ठेवून फरक पाहून घ्यावा. ते शक्य नसेल तर साधी वही ठेवावी: दिनांक, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कसला, पानांवर थर दिसला काय, खोकल्याचे किती जण दवाखान्यात गेले. अधिकृत आकड्यांशी ती ताडून पाहता येते.

अधिकृत आकडे मिळविण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. शुल्क दहा रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे, मात्र दाखल्याची प्रत जोडावी. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. कंपनी खाजगी असली तरी मंडळाला कायद्याने तिच्याकडून जी माहिती मिळविता येते ती ह्या अधिकारात येते. 'ही कंपनीची माहिती आहे' एवढ्या उत्तरावर परत फिरू नये. 'प्रदूषणाची माहिती द्यावी' असे मोघम लिहिल्यास मोघमच उत्तर येते. कारखान्याचे नाव, महिना, चिमणीचे तासागणिक आकडे, हवेच्या केंद्रांचे आकडे, नोंद नसलेले तास, यंत्र तपासणीचा दिनांक आणि कोणत्या मानकाशी तुलना केली, असे नेमके लिहावे. उत्तर तीस दिवसांत यावयास हवे. न आल्यास अथवा अपुरे आल्यास पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, आणि त्यास शुल्क म्हणून वीस रुपयांचा स्टॅम्प लावावा लागतो.